बायोमासच्या विजेला सरकारी आधार: तुलना करायची कशावर?

नवशिकी:
बायोमासपासून (लाकूड, पिकं, शेतातला कचरा) वीज करणाऱ्यांना कुठल्या देशाने काय दिलं, यावर टिपण लिहायचंय. तक्ता केला: देश, योजना, किती वर्षं. जर्मनी हमीदर (विजेला सरकारने बांधून दिलेला दर), २० वर्षं. ब्रिटन प्रमाणपत्रं (हरित विजेमागे मिळणारी, विकता येणारी), २० वर्षं. रकाने भरले, पण चांगली योजना कोणती ते काही उमगेना.

कोरडवाहू:
हमीदर. वीस वर्षांचा दर हातात असला की बँक कर्ज देते. विषय संपला.

बॉयलरवाला:
संपला असता, इंधन वाऱ्यासारखं फुकट असतं तर! अकरा वर्षं बायोमासच्या बॉयलरवर काढलीत, म्हणून सांगतो. तक्त्यात इंधनाचा रकानाच नाही. लाकडाच्या चिप्सचा (तुकड्यांचा) ट्रक काट्यावर आला की मी आधी मूठभर चिप्स दाबून बघायचो. हात ओला झाला की समजायचं, आज वाफ मार खाणार. संचाची कार्यक्षमता ३० टक्के धरा. निम्मं पाणी असलेल्या किलोभर चिप्समधून जेमतेम ०.७ युनिट निघतं, ३० टक्के ओलाव्याच्या किलोतून साधारण १. विजेचा दर सरकारने बांधला, चिप्सचा कोण बांधणार?

जर्मनीत हमीदराचा कायदा २००० चा. २००४ मध्ये ऊर्जापिकांना बोनस मिळाला आणि बायोगॅससाठी मकाच मका झाला. शेवटी २०१२ पासून नव्या प्रकल्पांत मका आणि धान्य मिळून वजनाने ६० टक्क्यांवर नको, असं ठरलं. २०१४ मध्ये नव्यांचा बोनस गेला, २०१७ पासून दर लिलावाने.

ब्रिटनची प्रमाणपत्रं २००२ पासूनची. सुरुवातीला मेगावॉट-तासाला (हजार युनिटला) सरसकट एक. मग नवा संच कोण उभारतो? कोळशाच्या जुन्या बॉयलरमध्ये थोडं लाकूड मिसळलं की झालं. २००९ मध्ये वर्गवारी आली: अशा साध्या मिश्र जळणाला (को-फायरिंग) अर्धं, निव्वळ बायोमासच्या संचाला दीड. तुमच्या ‘ब्रिटन, २० वर्षं’मध्ये हे सगळं गडप.

नवशिकी:
आणि ब्रिटनचा सीएफडी, म्हणजे ठरलेल्या दराचा फरक-करार? ड्रॅक्स या वीजकेंद्राच्या एका संचाला २०१२ च्या किमतींनुसार मेगावॉट-तासाला १०० पाउंड दिसतात.

बॉयलरवाला:
बाजारभाव त्याखाली गेला तर फरक मिळतो, वर गेला तर परत करायचा. तो आकडा महागाई निर्देशांकाबरोबर वाढतो, पेलेटच्या (दाबलेल्या लाकडाच्या गोळ्यांच्या) भावाबरोबर नाही. पेलेट कडाडले तर तुमचं तुम्ही निस्तरा.

कोरडवाहू:
बरं, माघार घेतो. पण उष्णतेचं काय?

बॉयलरवाला:
हा लाखातला प्रश्न. नुसती वीज केली तर इंधनातली दोन तृतीयांश ऊर्जा वाया. जर्मनीने २००४ मध्ये वीज आणि उष्णता दोन्ही वापरणाऱ्यांना वेगळा बोनस दिला, तो मला मक्याच्या बोनसपेक्षा शहाणा वाटतो.

नवशिकी:
इंधन आणि उष्णता, दोन रकाने वाढवते. मक्याची मर्यादा जुन्या प्रकल्पांना नव्हती ना?

बॉयलरवाला:
नव्हती. जुन्यांना जुनेच नियम. म्हणून देशाशेजारी प्रकल्प सुरू झाल्याचं वर्षही लिहा, नाहीतर एकाच ओळीत दोन वेगळ्या योजना कोंबाल.