स्क्रोल सॉवर सागवानी वाडगा: रिंगा एकमेकींवर बसत नाहीत

कोपरीची_सुतारीण

नमस्कार. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करताना स्वयंपाकघराच्या दाराची सागवानी फळी मी मागून घेतली. कोयंड्याखालचा भाग आईचा हात लागून लागून काळा, गुळगुळीत झालाय. आम्ही तिघं भावंडं. प्रत्येकाच्या घरी या दाराचा एकेक वाडगा असावा, एवढंच मनात आहे.

लेथ (लाकूड फिरवून कोरायचं यंत्र) माझ्याकडे नाही, आणि लेथवर मधलं सगळं लाकूड भुसा होऊन जातं. म्हणून स्क्रोल सॉची, म्हणजे बारीक पातं उभं वरखाली हलणाऱ्या करवतीची, पद्धत घेतली. टेबल तिरकं करून सपाट फळीतून एकात एक रिंगा कापायच्या, त्या एकावर एक चिकटवायच्या, घासून गोल करायच्या. सेकंडहँड मशीन जुलैत आणलं. पॅकिंगच्या पाइनवर दोन आणि दाराच्या तुकड्यावर एक असा प्रयत्न झालाय. तिन्ही फसले.

ज्या नमुन्यावरून करतेय त्यात १९ मिमी फळी, ९.५ मिमी रिंग आणि २७ अंश असं लिहिलंय. माझी फळी मागच्या बाजूने रंधा मारून सगळीकडे १५ मिमी उरली. रिंगा कापल्या जातात, पण रचल्या की प्रत्येक सांध्यावर जवळजवळ २ मिमीची पायरी राहते. एक रिंग तर उलटी निघाली, खाली रुंद आणि वर अरुंद. शिवाय पातं घालायला पाडलेलं भोक प्रत्येक रिंगेत ठळक दिसतं.

लाकूड जेमतेम तीन वाडग्यांपुरतं उरलंय. पायरी घासून काढू का, की कोनच चुकतोय?

वागळेचा_पॅटर्नवाला

ताई, घासू नका. पायरी घासली की भिंत तिथेच पातळ होते.

मी वागळे इस्टेटमध्ये पॅटर्नमेकर होतो. फाउंड्रीसाठी, म्हणजे जिथे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओततात तिथे, लाकडी नमुने करायचो. तिथे प्रत्येक बाजूला उतार द्यावा लागतो, नाहीतर नमुना वाळूतून निघताना साचा मोडतो. तुमच्या वाडग्याचं गणित त्याच घरातलं आहे. रिंगेची रुंदी भागिले फळीची जाडी, हा टेबलाच्या कोनाचा टॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan). ९.५ भागिले १९ म्हणजे ०.५, कोन साधारण २७. तुमचा नमुना बरोबरच आहे, पण १९ च्या फळीसाठी. तुमच्या १५ मिमीत २७ अंशांनी पातं ७.६ मिमीच आत सरकतं आणि रिंग आहे ९.५ची. उरलेले १.९ म्हणजे तुमची पायरी.

रिंग ९.५चीच ठेवली तर कोन ३२च्या वर न्यावा लागेल. तेवढ्या तिरप्यात पात्याला जास्त लाकूड कापावं लागतं आणि ते वाकतं. मी रिंग ८ मिमी, कोन २८ अंश ठेवेन. वरचं वर्तुळ २० सेंमीचं घेतलंत तर चार रिंगा आणि तळ मिळून साडेसात सेंमी उंचीचा वाडगा होतो. एका चौकोनी तुकड्यातून! हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी बराच वेळ तो नुसता हातात फिरवत बसलो होतो.

मशीनच्या कोनाच्या पट्टीवर विसंबू नका. पुठ्ठ्याचा २८ अंशांचा त्रिकोण कापून टेबल आणि पातं यांच्यामध्ये धरा. कॅलिपरने फळी चार ठिकाणी मोजा, अर्धा मिमी फरकही सांध्यात दिसतो.

उलटी रिंग दिशेमुळे झाली. टेबलाची डावी बाजू खाली असेल तर रेघेवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायचं, म्हणजे लाकूड उलट फिरवायचं. वाडग्याचा मध्य कायम पात्याच्या डावीकडे. भोकही सरळ पाडू नका. एक ठोकळा २८ अंशांत कापून घ्या, ड्रिल त्याला टेकवा, टोक मध्याकडे.

ऐरोली_गॅलरी

काकांनी मुख्य ते सांगितलंच. भोकाचं मी सांगते. तुझी पाती पिनवाली, टोकांना आडवी पिन असलेली, असणार ना? पिन जायला ५ मिमीच्या आसपास भोक लागतं. बिनपिनेच्या पात्यांचे क्लॅम्प काही मशीनना वेगळे बसतात, तुझ्या मशीनला मिळतात का बघ. मग दीड मिमीच्या भोकात काम भागतं. सागात सिलिका असते, धार लवकर मरते. पातं जळका वास देऊ लागलं की लगेच बदल, ढकलत बसू नकोस.

कापायच्या आधी फळीवर लाकडाच्या रेषांच्या दिशेने एक पेन्सिलीची रेघ मार, सगळ्या रिंगांवरून जाणारी. चिकटवताना ती जुळव. रिंगा फिरवून रेषा आडव्यातिडव्या बसल्या तर पावसाळ्यात प्रत्येक रिंग वेगळ्या दिशेने फुगते आणि सांधा उघडतो. माझा पहिला वाडगा असाच गेला.

सागाला तेलकटपणा असतो. फेव्हिकॉल लावायच्या आधी पृष्ठभाग ताजा घासून थिनरच्या फडक्याने पूस. तळ सगळ्यात शेवटी चिकटव! आधी नुसत्या रिंगा, मग आतून घासणं. खालून उघडं असलं की हात जातो.

जुन्या दाराला ऑइल पेंट होता का? त्यात शिसं असू शकतं, कोरडा घासू नकोस. लोहचुंबक फिरवून खिळेही शोध. आणि मास्क लावच, सागाची धूळ घशाला फार लागते. मी गॅलरीला ओली चादर लावते, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा जात नाही.

कोपरीची_सुतारीण

दोघांचे मनापासून आभार. पेंट होता, हिरवा. केमिकल लावून खरवडून काढला.

काल रात्री ८ मिमी आणि २८ अंशांवर चौथा प्रयत्न केला, पाइनवर. रिंगा रचल्यावर बाहेरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. आज सागाची पहिली फळी कापली. सगळ्यात बाहेरच्या रिंगेत तो काळा गुळगुळीत भाग आलाय. तो पृष्ठभाग वाडग्याच्या काठावर वर येतोय, त्यामुळे तिथे सँडपेपर मारणार नाही. पॉलिश कसलं करू? वाडगा शेंगदाणे, खारका ठेवायलाच आहे.

वागळेचा_पॅटर्नवाला

लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, फडक्याने पातळ हात तीन-चार. कोरड्या खाऊला चालतं, गरम काही ठेवू नका. अळशीचं तेल वापरलंत तर फडकी चुरगळून डब्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा. न घासलेल्या काठावर लाख थोडी दाटच बसते, तिथे एक हात कमी द्या.