हंटर थॉम्पसन यांना दाद द्यायची ती कशासाठी?

चर्चाप्रस्ताव

अमेरिकी लेखक हंटर एस. थॉम्पसन यांनी २० फेब्रुवारी २००५ रोजी कोलोरॅडोतील वुडी क्रीक येथे राहत्या घरी आयुष्य संपवले. त्यांच्यावरचे लेखन सहसा दारू, अमली पदार्थ आणि बंदुका यांपुढे जात नाही. मला त्यांच्या मोटारसायकलविषयी बोलायचे आहे, कारण त्यांच्या बंडखोरीमागची शिस्त मला तिथे दिसते.

१९६५ साली कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरलनी (राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यांनी) मोटारसायकल टोळ्यांवर अहवाल काढला आणि मोठमोठ्या नियतकालिकांनी शहानिशा न करता त्यावरून बातम्या छापल्या. थॉम्पसन यांनी त्या अहवालातील दावे तपासले, 'द नेशन' या नियतकालिकात लेख लिहिला आणि पुढे 'हेल्स एंजल्स' या टोळीत दीर्घकाळ वावरून तिच्यावर पुस्तक लिहिले. टोळी हार्ले-डेव्हिडसनवर फिरणारी, तर हे गृहस्थ ६५० सीसीची ब्रिटिश बीएसए घेऊन तिच्यात गेले. ते तिच्यातलेच एक होऊन बसले नाहीत, हे मला फार मोलाचे वाटते. पुस्तकाच्या अखेरीस ते रात्री एकटेच सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रालगतच्या रस्त्याने गाडी पिटाळतात. ताशी शंभर मैलांना वाऱ्याने डोळे चुरचुरतात आणि रस्त्याच्या मधली रेघ तेवढी धरून राहावे लागते. इतक्या वेगात नजर ढळू न देणारा माणूस बातमीतही ती ढळू देत नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

आपल्या शेवटच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. १९७२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत याच लेखकाने डेमोक्रॅटिक पक्षातील इच्छुक उमेदवार एडमंड मस्की हे आयबोगेन नावाचे मादक द्रव्य घेत असल्याची अफवा छापली आणि ती आपणच उठवल्याचे नंतर स्वतःच सांगितले. अहवालाची खातरजमा न करणाऱ्या पत्रकारांना ज्याने धारेवर धरले, त्यानेच सात वर्षांत हे करावे, याला बंडखोरी म्हणून माफी देता येत नाही.

प्रतिसाद २

मी स्वतः मोटारसायकल चालवतो, म्हणून एवढेच सांगतो की रात्रीच्या सार्वजनिक रस्त्यावर शंभर मैलांचा वेग ही शिस्त नव्हे. समोरून येणाऱ्याने त्या धाडसाला संमती दिलेली नसते.

चर्चाप्रस्तावक

प्रतिसाद २ मधील आक्षेप रस्त्यापुरता पूर्णपणे रास्त आहे आणि तशा वेगाचे अनुकरण कोणी करावे असे मी म्हणणार नाही. मस्की यांच्याबाबत जे लिहिले गेले त्याचेही समर्थन मी करत नाही. पण १९६६ मध्ये टोळीतल्याच काही जणांनी थॉम्पसन यांना बेदम मारले आणि ती मारहाणही त्यांनी पुस्तकात नोंदवली, हे विसरू नये. १९७० मध्ये ते कोलोरॅडोतील अॅस्पेन परिसराच्या शेरीफपदासाठी (तिथल्या निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाच्या पदासाठी) उभे राहिले, तेव्हा जमिनीच्या सट्टेबाजांना पळवून लावण्यासाठी शहराचे नाव बदलून 'फॅट सिटी' करावे आणि रस्ते उखडून तिथे हिरवळ लावावी, असे त्यांच्या जाहीरनाम्यात होते. ते हरले, परंतु गावाची जमीन कोणाच्या घशात जात आहे हा प्रश्न त्यांनी निवडणुकीत आणला.

प्रतिसाद १

त्या निवडणुकीला माझी मनापासून दाद आहे, कारण तिथे त्यांनी स्वतःचे नाव मतपत्रिकेवर लावून उघडपणे हार पत्करली. मस्की यांच्याबाबतीत मात्र किंमत दुसऱ्याने मोजली.