तापमान ‘सुसह्य’, ‘सुखद’ की ‘मान्य’?

विचारणा : कार्यालयात बसणाऱ्यांना खोलीतलं तापमान कितपत पटतं, हे तपासायला मराठी प्रश्नावली करतो आहे. ‘ॲक्सेप्टेबल’साठी ‘सुसह्य’ घेतलाय. सात पायऱ्यांच्या मोजपट्टीत ‘वॉर्म’ला ‘ऊबदार’, ‘न्यूट्रल’ला ‘तटस्थ’. बरोबर आहे का?

उत्तर : तिन्ही बदला. ‘सुसह्य’मध्ये सोसणं आलंच, घाम पुसत बसलेला माणूसही त्यावर खूण करील. ‘सुखद’ म्हणाल तर अपेक्षा फार वर जाते. ‘चालेल का?’ असंही विचारू नका, भिडेखातर सगळेच ‘चालेल’ म्हणतात. सरळ विचारा : ‘आत्ता, या जागी हे तापमान तुम्हाला मान्य आहे का?’ हो किंवा नाही, मधला पर्याय नको.

‘ऊबदार’ ही मराठीत स्तुती आहे, आणि ‘तटस्थ’ म्हणजे मत न देणारा. मोजपट्टी अशी ठेवा : फार गरम (+३), गरम, किंचित गरम, ना गरम ना थंड (०), किंचित थंड, थंड, फार थंड (–३).

दुसरं उत्तर : यात ‘उकडतंय’ घालू नका. उकाड्यात दमटपणा आणि कोंदलेली हवाही येते. तिथे उपाय पंख्याचा असतो, एसी आणखी खाली नेण्याचा नव्हे. त्यासाठी वेगळा प्रश्न ठेवा. शिवाय ‘आणखी गार हवं, आहे तसंच राहू दे, की आणखी गरम हवं?’ हेही हवंच. एप्रिलमध्ये ‘किंचित थंड’ म्हणणाऱ्याला बरेचदा काहीच बदलायचं नसतं. फक्त मोजपट्टी पाहिली तर हे कळत नाही.

पूरक : माणूस बाहेरून किंवा जिना चढून आल्या आल्या विचारू नका; १५–२० मिनिटं बसू द्या. त्याच वेळी त्याच्या खुर्चीपाशी ०.१, ०.६ आणि १.१ मीटर उंचीवर नोंदी घ्या. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा आकडा उपयोगाचा नाही : तापलेल्या काचेशेजारी बसलेल्याला हवा २५ अंश असूनही भाजतं. म्हणून काळ्या गोळ्याचा तापमापी (आजूबाजूच्या तापलेल्या पृष्ठभागांची उष्णताही धरणारा) लावा आणि तो स्थिरावेपर्यंत थांबा. कपडे, वाऱ्याचा वेग, आर्द्रताही लिहून ठेवा.

विचारणा : सगळ्यांचं ‘हो’ कधी येईल?

उत्तर : ते धरून चालू नका. डॅनिश संशोधक फँगर यांच्या गणितात सगळ्यांचं सरासरी मत मोजपट्टीच्या शून्यावर असलं तरी ५ टक्के असमाधानी राहतातच. ॲशरे या अमेरिकी अभियंता-संस्थेचं ‘५५’ क्रमांकाचं मानकही ८० टक्क्यांची मान्यता धरतं. खिडक्या उघडणाऱ्या इमारतीला भारतीय ‘आयमॅक’ सूत्र (बाहेरच्या हवेवरून आतलं सोयीचं तापमान काढणारं) लावा : बाहेरच्या ३० दिवसांच्या चालत्या सरासरीला ०.५४ने गुणून १२.८३ मिळवा. सरासरी ३० अंश असेल तर उत्तर २९ येतं, आणि ९० टक्के मान्यतेसाठी दोन्हीकडे २.३८ अंशांची मुभा.