मदत हवी आहे: जपानमध्ये फुकुओकात याताईवर बसू दिलं नाही, काय चुकलं?

रानजाई: आजची शेवटची रात्र, सकाळी विमान आहे, लवकर सांगा. काल नाकासू भागात नदीकाठच्या याताईंवर (रात्रीच्या खाण्याच्या गाड्या) गेलो. बाकडं अर्धं रिकामं, तरी मालकाने दोन्ही हातांची फुली करून दाखवली. पुढच्या गाडीवरही तेच. परदेशी म्हणून का? फार लागलं मनाला.

तांबडा_रस्सा: किती जण होतात? हातात सामान?

रानजाई: चौघं. दोन मोठ्या बॅगा.

तांबडा_रस्सा: एका याताईत जेमतेम आठ-दहा माणसं, खांद्याला खांदा लावून बसतात. चौघांना सलग जागा आणि वर बॅगा, कुठे ठेवणार? फुली म्हणजे नुसतं ‘नाही’, त्यात राग नसतो. बॅगा हॉटेलात ठेवा, दोघं-दोघं जा.

रातवा: त्यापेक्षा टोकियोत गोल्डन गाई या बारच्या गल्ल्यांत जा. दोनशेच्या वर इवलेसे बार आहेत. बसायचे वेगळे पैसे घेतात आणि न विचारता फोटो काढलेले चालत नाहीत.

तांबडा_रस्सा: अहो, त्या फुकुओकात आहेत आणि सकाळी विमान आहे.

रानजाई: एका गाडीवर बसलो होतो आधी. चौघांत एक रामेन (रश्शातल्या नूडल्स) घेतलं, दोघं शाकाहारी आहेत. तासभर गप्पा मारल्या. मग मालकीणबाई काहीतरी बोलल्या नि आम्ही उठलो.

ओली_भेळ: ताई, हे आधी सांगायचं! माणशी निदान एक पदार्थ आणि एक पेय घ्यायचं, खाऊन झालं की जागा सोडायची. रात्रीच्या मोजक्या तासांत दहा जागांवरची गिऱ्हाईकं बदलत राहिली तरच त्यांचं भागतं. आणि तिथलं रामेन डुकराच्या हाडांच्या रश्शातलं, ओदेनच्या (रश्शात शिजवलेले तुकडे) पाण्यात मासळी. शाकाहारी मंडळींना आधी दुसरीकडे जेवू घाला.

रातवा: मग इझाकायात (दारू आणि खाणं मिळणारी जपानी जागा) जा. नोमिहोदाई घ्या, ठरलेल्या वेळात हवं तेवढं प्या.

साधा_वरण: तिथे न मागवता खाण्याची एक वाटी पुढे ठेवतात आणि माणशी 300-400 येन लावतात. सरळ लूट!

रातवा: लूट कसली? ती ओतोशी, बसायचे पैसे समजा. टीप तर कुणी घेत नाही. तुम्ही पुण्यात पाण्याच्या बाटलीचे देताच ना?

साधा_वरण: बाटली मी मागवतो. ही वाटी मी मागवलेली नसते.

किनारा: प्यालात तर गाडी चालवू नका, सायकलसुद्धा. 2006 मध्ये फुकुओकातच दारू प्यालेल्या चालकाने पुलावर दुसऱ्या गाडीला मागून धडक दिली, ती समुद्रात पडली आणि तीन लहान मुलं गेली. त्यानंतर कायदा कडक झाला. चालक प्यालाय हे माहीत असून त्याला गाडीने सोडायला सांगणारा, त्याला दारू देणारा, सगळे गुन्हेगार ठरतात.

रानजाई: आमच्याकडे गाडी नाही, भुयारी रेल्वेने फिरतोय. शेवटची किती वाजता?

ओली_भेळ: मध्यरात्रीच्या सुमारास. स्टेशनवर वेळ बघूनच बसा. नाकासूत रस्त्यावर हाक मारून बारमध्ये नेणारे भेटतील, त्यांच्यामागे मात्र जाऊ नका. याताईचे भाव बसण्याआधी वाचा.

रानजाई: बरं. आज आम्ही दोघीच जातो, बॅगा नाहीत. पण आता पाऊस सुरू झालाय.

तांबडा_रस्सा: जोराचा असेल तर बऱ्याच गाड्या लागतच नाहीत. तेन्जिन भागाच्या बाजूला बघा, दिवे दिसले तर लगेच बसा.