लग्नपत्रिकांचं काम गावातून सुरू करायचं आहे. मशीन आधी घेऊ की ग्राहक आधी जोडू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका खेड्यात राहते. तालुक्याच्या ठिकाणी डीटीपी सेंटरवर बरीच वर्षं काम केलं. मराठी टायपिंग, कोरलड्रॉ, श्रीलिपी सगळं हातातलं आहे. आता मुलगी लहान आहे, रोजची एसटीची ये-जा जमत नाही. म्हणून घरूनच पत्रिकांचं काम सुरू करायचा विचार करून राहिली आहे. लग्न, साक्षगंध, बारसं, वास्तू, तेरवी, जे येईल ते.

आमच्याकडे पत्रिका कशी होते ते सांगते, म्हणजे माझा प्रश्न कळेल. लोक तालुक्याला जातात, अल्बममधून कोरं कार्ड पसंत करतात, वहीच्या पानावर लिहिलेला मजकूर देतात आणि दोन-तीन दिवसांनी गठ्ठा उचलून आणतात. सगळी घासाघीस कार्डावर होते. पाचवालं घ्यायचं की आठवालं, सोनेरी गणपती उठावदार आहे की नाही, एवढंच. मजकुराजवळ कुणी बसत नाही. सीझनमध्ये ऑपरेटरलाही फुरसत नसते. तो आधीच्या गिऱ्हाइकाची फाईल उघडतो आणि तिच्यावरच नवी नावं टाकतो. आमच्या शेजारच्या लग्नात असंच झालं. जुन्या फाईलमधला ‘कै.’ तसाच राहिला आणि नवरदेवाच्या धडधाकट मोठ्या बाबांच्या नावामागे छापून आला. पत्रिका घरी आल्यावर लक्षात आलं. घरातल्या पोरी रात्री जागून एकेका कार्डावर पट्टी चिकटवत बसल्या. मोठे बाबा मांडवात आले, पण जेवले नाहीत.

मला हा मजकुराचाच धंदा करायचा आहे. घरी जाऊन बसायचं, नात्यांचा क्रम विचारून घ्यायचा, निमंत्रक कोण, प्रेषक कोण, कुणाच्या नावाशिवाय घरात भांडण होईल, हे सगळं टिपायचं. आमच्या पंचक्रोशीत प्रत्येक समाजाची पत्रिका वेगळी असते. कुणाच्या माथ्यावर गणपती आणि कुलस्वामिनी, कुणाच्या ‘मंगल परिणय’वर तथागत आणि बाबासाहेब, गोंड घरात ‘जय सेवा’, बंजारा तांड्यावर ‘जय सेवालाल’. गुरुदेव सेवा मंडळातली माणसं तुकडोजी महाराजांचा फोटो मागतात. अल्बममध्ये बहुतेक एकाच साच्याची कार्डं असतात, बाकीच्यांना ‘याच्यातच बसवून देतो’ म्हणतात. प्रत्येक घराला आपली वाटावी अशी पत्रिका मिळाली पाहिजे, हे मला मनापासून वाटतं.

आता अडचणी. पहिली म्हणजे मशीन. कलर प्रिंटर घेऊन घरीच छापू, स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून हाताने शाई ओढून छापणं) शिकू, की फक्त मजकूर आणि डिझाईन करून छपाई यवतमाळ किंवा नागपूरहून करून आणू? घरी इन्व्हर्टर आहे, पण उन्हाळ्यात दुपारी लाईटचा भरवसा नाही. दुसरी म्हणजे भाव. ‘टाइप करायचे काय पैसे?’ असं तोंडावर म्हणणारे लोक आहेत, त्यांच्याकडून मजकुराचे पैसे कसे घ्यायचे? तिसरी म्हणजे कर्ज. घरचे म्हणतात कपाशीच्या भरवशावर हप्ता अंगावर घेऊ नको. शिवाय आता पन्नास-शंभर कार्डं छापून बाकी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची पद्धत गावातही आली आहे. अशात हा धंदा करण्यात अर्थ आहे का?

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद : छापखानावाला, आर्वी

ताई, मशीन आत्ताच घेऊ नका. माझा छापखाना वडिलांपासूनचा आहे, म्हणून सांगून राहिलो.

घरच्या इंकजेटवर पत्रिका दिसायला सुंदर निघते. पण पत्रिकेला हळद-कुंकू लावतात, आणि बोट ओलं असतं. साधी डाय शाई (पाण्यात विरघळणारी) असेल तर तिथंच गणपती पसरतो. घ्यायचाच असेल तर पिगमेंट शाईचा घ्या. लेझरवाल्या डिजिटल प्रिंटचं दुसरं दुखणं आहे. जाड कार्डाची घडी घातली की टोनर (लेझरची पूड-शाई) घडीवर तडकतो आणि मधोमध पांढरी रेघ दिसते. म्हणून आधी क्रीझिंग करायचं, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडायची, मग घडी. आणि कागदाचे तंतू ज्या दिशेने जातात त्याच दिशेने घडी आली पाहिजे. नवीन माणूस इथंच फसतो.

गडद किंवा चमकीच्या कार्डावर सोनेरी-पांढरी अक्षरं पाहिजेत तर स्क्रीन प्रिंटिंगला तोड नाही. साध्या डिजिटल मशीनमध्ये पांढरी शाईच नसते. स्क्रीनचं सामान थोडक्यात येतं, लाईट गेली तरी हात चालतो. पण पावसाळ्यात शाई वाळत नाही आणि एका कार्डावर दुसरं ठेवलं की ठसा उमटतो. वाळवायला जागा किती आहे ते पहा. हजारावर कार्डं एकाच मजकुराची असली तर ती ऑफसेटला द्या, तिथं छपाईच्या प्लेटचा खर्च सगळ्या कार्डांवर वाटला जातो. शंभर-दोनशेला तो परवडत नाही.

तुमच्यासारख्या माणसाकडून फाईल आली तर आम्हा छापखानेवाल्यांना सोन्याहून पिवळं. फक्त फाईल पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत) करून पाठवा. नाहीतर आमच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ‘ज्ञानेश्वर’चं काय होईल सांगता येत नाही. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये पाठवतं, तो जुन्या फॉन्टमध्ये तसाच चिकटवला की जोडाक्षरं फुटतात. कन्व्हर्टरमधून काढला तरी एकेक ओळ डोळ्यांनी पहा.

प्रतिसाद : बचतगट_दिग्रस

ताई, कर्जाचं मी सांगते, आमच्या गटातल्या दोघींनी वेगवेगळ्या धंद्यासाठी घेतलं आहे.

सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं, तुमच्या सुरुवातीला तेवढं पुरेल. मोठी मशीन घ्यायची असेल तर पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) पहा. ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अनुदान हातात येत नाही, ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. तोवर हप्ता पूर्ण हिशेबाने भरायची तयारी पाहिजे. आणि हे नवीन उद्योगालाच मिळतं, चालू असलेल्याला नाही. म्हणून आधी ठरवा, मग सुरू करा. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन स्वतः विचारा, मधल्या माणसाला पैसे देऊ नका. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचेही हजार-पाचशे घेणारे बसले आहेत. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असली तर जीएसटी नोंदणीची घाई नाही.

प्रतिसाद : छापखानावाला, आर्वी

भावाचं राहिलं होतं. मजकुराचे पैसे कार्डाच्या भावात मिसळू नका, बिलावर वेगळे लिहा. पहिल्या वर्षी लोक कुरकुर करतील, एका लग्नात चूक टळली की तेच दुसऱ्याला सांगतील. निम्मी रक्कम ऑर्डर देतानाच घ्या. ‘कापूस विकला की देतो’ म्हणणारा माणूस खोटा नसतो, पण कापूस तोही भाव येईपर्यंत ठेवतो आणि तुमचा कागदवाला थांबत नाही.

प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ आलं म्हणून छापू नका. कागदावर काढून घरातल्या मोठ्या माणसासमोर मोठ्याने वाचा आणि सही घ्या. वार, तारीख, तिथी जुळते का ते पंचांगात पहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुला-मुलीच्या वयाचा पुरावा पाहिल्याशिवाय पत्रिका घेऊ नका. मुलगी १८, मुलगा २१. अक्षय तृतीयेच्या सुमारास प्रशासन छापखानेवाल्यांनाही हे बजावतं. २००६ च्या कायद्यात बालविवाहाला मदत करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि लाखापर्यंत दंड आहे. ओळखीचं घर आहे म्हणून गप्प बसायचं नाही. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वयाच्या पुराव्याचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आता मजकुराचा जो फॉर्म करणार आहे, त्यात जन्मतारखेचा रकाना सगळ्यात वर ठेवते.

घरी बोलणं झालं. मोठं कर्ज सध्या नाही. यंदा छपाई बाहेरूनच, घरी फक्त साधा प्रिंटर प्रूफसाठी आणि एक हाताने चालणारं क्रीझिंग मशीन. स्क्रीन प्रिंटिंग मात्र शिकायचंच आहे, लाईट नसतानाही चालणारं काम आमच्याकडे फार कामाचं.

सीझनचा हिशेबही मांडला. तुळशीच्या लग्नानंतर काम सुरू होईल, पौषात थांबेल, मग माघापासून उन्हाळाभर धावपळ. पण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे मुहूर्ताची लग्नं एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटतील. मंगल परिणयांना मुहूर्ताचं बंधन नसतं, ती रविवार-सुट्टी पाहून होतात, त्यामुळे तिथं मधल्या महिन्यातही काम मिळेल. तेरवीच्या पत्रिका बारमाही. त्या एका दिवसात द्याव्या लागतात आणि तालुक्याला धावायला त्या घरात कुणाला उसंत नसते, तिथं गावातलं माणूस उपयोगी पडेल.

व्हॉट्सअ‍ॅपचंही उत्तर मला तुमच्या बोलण्यातून सापडलं. छापील पन्नास असो की पाचशे, मजकूर एकच लागतो. म्हणून मजकुराचे पैसे ठरलेले ठेवते आणि त्यातच मोबाइलवर पाठवायची पत्रिका करून देते.

आता एवढंच सांगा. आमची मागची खोली दहा बाय बारा, पत्र्याची आहे. उन्हाळ्यात भट्टी होते आणि पावसात ओल धरते. कागदाचा साठा तिथं ठेवला तर कार्डं वाकतील का? आणि स्क्रीन शिकायला यवतमाळ-अमरावतीकडे कुणी बाईमाणसाला नीट शिकवणारं आहे का, की आर्वीच्या दादांकडेच येऊ?

प्रतिसाद : छापखानावाला, आर्वी

वाकतील. साठा आतल्या खोलीत, जमिनीपासून वर फळीवर, प्लास्टिकमध्ये बांधूनच ठेवा आणि लागेल तेवढाच गठ्ठा सोडा. पत्र्याखाली फक्त वाळवणीची दोरी बांधा. शिकायला या, सोबत मुलीलाही आणा. घरी आमची सूनबाई आहे, स्क्रीनवर तिचाच हात बसलेला आहे. दिवाळीआधी या, तुळशीचं लग्न लागलं की आम्हाला मान वर करायला वेळ नसतो.