निवडणुकीची डेल्फ्ट थाळी: कडेचे टवके भरून घ्यावेत का?

प्रश्न
अठराव्या शतकातील ब्रिटिश निवडणुकांच्या आठवणीखातर घडवलेली मातीची भांडी मी काही वर्षांपासून जमवत आहे. सध्या ‘नुजंट ओन्ली १७५४’ (म्हणजे ‘फक्त नुजंट’ या उमेदवारालाच मत द्या) अशी निळी अक्षरे असलेली एक डेल्फ्ट, म्हणजे पांढरी झिलई दिलेली मातीची, थाळी विकत मिळण्यासारखी आहे, मात्र तिच्या कडेचे पाच-सहा ठिकाणी टवके उडाले आहेत. ते भरून रंगवून घ्यावेत, असा विक्रेत्याचा आग्रह आहे. तसे करावे का, आणि थाळी त्याच काळातील आहे हे कशावरून ओळखावे?

प्रतिसाद १
कृपया टवक्यांना हात लावू नका. डेल्फ्टची कथिलमिश्रित पांढरी झिलई मऊ मातीवर जाडसर बसलेली असते आणि कडेला ती सहज सुटते. उलट इतक्या जुन्या थाळीची कड पूर्ण अखंड असती, तर मला शंका आली असती. टवक्यावर भिंग धरा. आत पिवळसर, सच्छिद्र माती दिसायला हवी. काचेसारखे दाट पांढरे अंग दिसले, तर ती डेल्फ्ट नव्हेच. अक्षरेही तशीच न्याहाळा. न भाजलेली कोरडी झिलई रंग लगेच शोषून घेत असल्यामुळे चूक पुसण्याची सोय नसे, म्हणून कुंचला एका दमात फिरलेला असतो आणि निळ्या रंगाच्या कडा झिलईत किंचित विरघळलेल्या दिसतात. पूर्वीची डागडुजी अतिनील दिव्याखाली बहुधा वेगळी चमकते.

प्रतिसाद २
वरील मताशी पूर्ण सहमत आहे. फक्त थाळीवरचे साल हे निवडणुकीचे साल असते, त्यावरून घडणीचे साल आपोआप सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवावे. रॉबर्ट नुजंट १७५४ मध्ये ब्रिस्टलमधून निवडून आले. त्याच वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीतील कॅल्व्हर्ट आणि मार्टिन या उमेदवारांच्या थाळ्यांवर ट्यूक्सबरी या गावाचे नाव उच्चाराबरहुकूम, चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेले आहे; कारागिराचा हात दाखवणारी अशी चूक मला सुबक नक्षीपेक्षा मोलाची वाटते. शिवाय १८७२ पर्यंत ब्रिटनमध्ये मतदान उघडपणे होत असे, त्यामुळे घरात उमेदवाराच्या नावाची थाळी मांडणे हे आपली बाजू चारचौघांत सांगण्यासारखेच होते.

प्रतिसाद ३
संग्रह वाढवायचा असल्यास १८३२ च्या सुधारणा कायद्याच्या (मताधिकार वाढवणाऱ्या ब्रिटिश कायद्याच्या) वेळच्या, मिठाची झिलई दिलेल्या तपकिरी मद्यकुप्याही अवश्य पाहाव्यात. पंतप्रधान ग्रे, लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम किंवा राजा चौथा विल्यम यांच्या आकृतीच्या या कुप्यांपैकी अनेकींवर इंग्लंडमधील डेन्बी अथवा लॅम्बेथ येथील कारखान्याचा ठसा मातीतच दाबलेला असतो. तो बोटाने चाचपून पाहावा. खोलगट अक्षरांच्या कडा झिलईने गोलसर झालेल्या असतात. भाजल्यानंतर कोरलेली अक्षरे मात्र बोटाला धारदार लागतात.