थंडीत हिरवी राहणारी हरळी: संकर करायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरला लॉन आणि रोपांचं काम करतो. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि जानेवारीच्या रात्री तो ५ अंशांच्याही खाली उतरतो. हरळीचं लॉन उन्हाळा काढतं, पण कडाक्याची थंडी पडली की पार पिवळं होतं. बरेच जण मग वरून रायग्रास या थंडीत वाढणाऱ्या गवताचं बी टाकतात, म्हणजे दरवर्षी नवा खर्च आणि पाणीही जास्त.

गावाबाहेरच्या माळावर मला हरळीचा एक पट्टा सापडलाय. पेरं आखूड, पान बारीक, आणि आजूबाजूची हरळी वाळली तरी हा हिरवा. यातून चांगला वाण निघावा असं मनापासून वाटतं.

अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला गवताचे वाण तयार करणाऱ्या ग्लेन बर्टन यांनी नेमकं हेच काम केलं. ३६ गुणसूत्रांची नेहमीची हरळी आणि १८ गुणसूत्रांची आफ्रिकन हरळी (सायनोडॉन ट्रान्सवालेन्सिस) यांच्या संकरातून २७ गुणसूत्रांची, बी न धरणारी रोपं मिळतात. ती कांड्या लावूनच वाढवायची, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. १९६० साली आलेला टिफवे हा लॉनचा वाण तर जोहान्सबर्गहून आलेल्या आफ्रिकन हरळीच्या बियाण्यात आपसूक निघालेला संकर होता! म्हणजे नजर हवी, हे पटतं.

आता अडचणी. आपल्याकडे हरळी १८ गुणसूत्रांचीही सापडते आणि ३६ चीही, म्हणून आधी मोजणं आलं. मुळांची टोकं अ‍ॅसिटोकार्मिन या रंगात रंगवून पाहतोय, पण गुणसूत्रं इतकी बारीक की एकमेकांवर चढलेली दिसतात. टोकं सकाळी किती वाजता काढता? आधी हायड्रॉक्सीक्विनोलिनमध्ये (गुणसूत्रं आखडून सुटी दिसावीत म्हणून वापरतात ते द्रावण) किती वेळ ठेवता? हे कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

दुसरं म्हणजे परागीकरण. फूल एवढंसं, स्वतःचा पराग टाळायला पुंकेसर खुडणं जवळजवळ अशक्य. हरळी स्वतःच्या परागानं फारसं बी धरत नाही, म्हणून दोन कुंड्यांमधले तुरे एकाच बटर पेपरच्या पिशवीत बांधायचा विचार आहे. इथे हवेत सगळीकडे हरळीचाच पराग, त्यामुळे उघड्यावर भरवसा नाही. पिशवीत उष्म्यानं तुरे करपतात का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हा हिरवेपणा रक्तातला की जागेचा? माळाच्या कडेनं नाला जातो, ओल आणि नत्र तिथूनच मिळत असेल. कांड्या आणून साध्या हरळीशेजारी, एकाच मातीत, एकसारख्या पाण्यावर लावल्या आहेत. एका हिवाळ्यावर निकाल द्यावा का? माझ्या मते निदान दोन तरी पाहावेत, पण अनुभवी लोकांचं मत हवंय.

आफ्रिकन हरळी परदेशातून आणायची तर एनबीपीजीआरचा (राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचा) आयात परवाना लागतो. देशातच कुठल्या कृषी विद्यापीठाच्या संग्रहात ती असेल तर नक्की सांगा. या पट्ट्याच्या कांड्या चाचणीसाठी कुणाला हव्या असतील तर पावसाळ्यात पाठवीन. विदर्भातल्या किंवा इंदूरकडच्या कुणी लावून पाहिल्या तर फार मदत होईल.


पानांचे आणि पेरांचे फोटो खाली प्रतिसादात टाकतो.